मदत हवी आहे: एडिसनमध्ये (न्यू जर्सी) छतावर कोणता अँटेना लावावा? ७, ११ आणि १३ या टीव्ही वाहिन्या येत नाहीत

निशिगंध

मंडळी, नमस्कार.

आम्ही एडिसनला राहतो, स्वतःचं दुमजली घर आहे. जानेवारीत केबल बंद केली आणि छतावर एक चपटा चौकोनी अँटेना बसवून घेतला. खोक्यावर '१५० मैल' छापलेलं होतं, सोबत बूस्टरही होता. २, ४ आणि ५ लख्ख दिसतात. ७ वर मात्र चित्राचे तुकडे पडतात आणि आवाज तुटतो. ११ कधी असतो, कधी नसतो. १३ तर स्कॅन करताना सापडतच नाही, आणि लेकीचे सगळे आवडते कार्यक्रम नेमके १३ वर.

बसवणारा म्हणाला, मोठा बूस्टर लावा. लावला, तर ५ सुद्धा अडखळायला लागला. काढून ठेवलाय.

बाबा सध्या पुण्याहून आलेत. ते पहिल्या दिवसापासून सांगताहेत की अँटेना फार लहान आहे. पुण्याला आमच्या गच्चीवर लांब नळ्यांचा अँटेना होता, तोंड सिंहगडाकडे, कारण मनोरा तिथे. बाबा वर नळी फिरवायचे आणि मी खालून 'आलं, आलं, गेलं' ओरडायची. मी त्यांना म्हटलं, ते जुनं तंत्र होतं, आता सगळं डिजिटल आहे, लांबीशी काही संबंध नाही. आता माझीच खात्री वाटेनाशी झालीय. कोणाला अनुभव आहे का? छतावर पुन्हा माणूस चढवायचा म्हणजे खर्च आहे, त्यामुळे या वेळी चूक नको.

रानवारा

ताई, बाबांचं बरोबर आहे.

पडद्यावर दिसणारा क्रमांक आणि हवेतली खरी वाहिनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचा २ प्रत्यक्षात ३६ वर येतो, ४ येतो ३५ वर. म्हणजे दोन्ही यूएचएफ, आखूड लहरींच्या पट्ट्यात. पण ७ खरोखर ७ वरच आहे, ११ हा ११ वर आणि १३ आता १२ वर. हे तिन्ही व्हीएचएफच्या, म्हणजे त्याहून लांब लहरींच्या, वरच्या पट्ट्यात (हाय-व्हीएचएफ), १७४ ते २१६ मेगाहर्ट्झमध्ये बसतात. तुमच्याकडे गायब आहेत तेही हेच तीन.

यूएचएफला पाव मीटरच्या आसपासची नळी पुरते. व्हीएचएफच्या या पट्ट्याला ७० ते ८५ सेंटिमीटर लागते, कारण नळी लहरीच्या निम्म्या लांबीची असावी लागते. प्रसारण डिजिटल झालं तरी लहर तेवढीच लांब राहते. चपट्या चौकोनात एवढी नळी मावत नाही, खोक्यावर काहीही छापलेलं असो. दीडशे मैलांच्या आकड्याकडे तर बघूच नका, तेवढ्या अंतरावर पृथ्वीची गोलाईच आड येते.

या वाहिन्यांचं प्रसारण न्यूयॉर्कच्या दोन उंच इमारतींवरून होतं: एडिसनहून एम्पायर स्टेट बिल्डिंग ४४ किलोमीटर आणि वन वर्ल्ड ट्रेड सेंटर ४० किलोमीटर. दोन्ही ईशान्येला, दिशेत जेमतेम तीन अंशांचा फरक. एवढ्या अंतराला मध्यम आकाराचा यूएचएफ आणि हाय-व्हीएचएफ एकत्र असलेला यागी (एका दांड्यावर आडव्या नळ्यांचा, एका दिशेला तोंड असलेला अँटेना) भरपूर झाला. बूस्टरची गरज नसावी. जवळच्या जोरदार सिग्नलवर तो भार घालतो, ५ अडखळला तो त्यामुळेच असणार. जी लहर अँटेनाने पकडलीच नाही, ती बूस्टर आणणार कुठून?

आणखी एक करून बघा: स्वयंपाकघरातले एलईडी दिवे बंद करून ७ लावा. स्वस्त एलईडी आणि चार्जर व्हीएचएफमध्ये फार कचरा सोडतात.

प्लेनफिल्डकर

रानवारा यांच्याशी सहमत. एक भर घालतो. फिलाडेल्फियाचे मनोरे एडिसनहून साधारण ८८ किलोमीटर नैर्ऋत्येला आहेत, म्हणजे न्यूयॉर्कच्या बरोबर पाठीमागे. त्यामुळे तुमच्या भागात पाठीकडून कमी ओढणारा अँटेना घ्या. दोन्ही शहरं एकाच अँटेनावर मिळवायचा मोह टाळा, मी दोन उन्हाळे त्यात घालवलेत. तिकडचा ६ तर खरोखर ६ वर आहे, त्याला जवळजवळ पावणेदोन मीटरची नळी लागते.

तुमचं स्वतंत्र घर आहे म्हणून बरं. अमेरिकी केंद्र सरकारच्या १९९६ च्या नियमानुसार सोसायटी स्वतःच्या छतावरचा टीव्ही अँटेना अडवू शकत नाही. टाउनहाउसवाल्यांनी मात्र आधी कागदपत्रं बघावीत, तिथे छत बहुतेकदा सामाईक असतं आणि मग हा नियम लागू होत नाही.

खांब आणि केबल दोन्ही घराच्या अर्थिंगला जोडून घ्या. इथल्या उन्हाळी वादळांत यावर पैसे वाचवू नका.

निशिगंध

दोघांचे मनापासून आभार. शनिवारी यागी आणला. छतावर चढवण्याआधी वरच्या मजल्याच्या ईशान्येच्या खिडकीत बाबांनी तो हातात धरला आणि मी खाली स्कॅन लावला. ७ आणि १३ लगेच आले. ११ दिवे चालू असताना तुटत होता, हॉलमधले दोन एलईडी बंद केल्यावर स्थिर झाला. ते दिवे बदलतेय. बसवणारा येत्या गुरुवारी येणार आहे, अर्थिंगचं त्याला आधीच सांगून ठेवलंय. आणि बाबांना म्हटलं, चूक माझी होती.