मदत हवी आहे: कूलरजवळच्या भिंतीला वॉलपेपर टिकेल का?

नमस्कार मंडळी. आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो. हॉलच्या १२ बाय ९ फुटांच्या एका भिंतीला गडद हिरव्या केळीच्या पानांचा मोठ्या नक्षीचा वॉलपेपर लावायचं फार मनात आहे. नमुना पाहिल्यापासून दुसरं काही डोळ्यांत भरतच नाही.

एक रोल ५७ चौरस फुटांचा, म्हणजे हिशोबाने दोन पुरतात. पण नक्षी जुळवताना कागद वाया जातो, म्हणून तीन घ्यावे लागतील असं वाटतं. बरोबर ना?

खरी काळजी कूलरची. त्याच भिंतीच्या खिडकीत तो एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत चालतो, आणि खोलीत दमटपणा असतोच. कडा सुटतात का? विनाइलचा, म्हणजे प्लास्टिकचा थर असलेला, घेतला तर टिकेल? सासूबाई म्हणतात, एवढ्या पानांनी हॉल लहान दिसेल.

नागपुरात कोणी लावला असेल तर दोन उन्हाळ्यांनंतरचा फोटो टाका, प्लीज.