अनुभव धागा : सणासुदीचे विमान तिकीट कधी काढावे?

यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा अडीच आठवड्यांनी उशिरा आहे, आणि तिकीट आत्ताच काढावे की थांबावे हा प्रश्न अनेक घरांत सुरू झाला असेल. कोविडकाळासारखे अपवाद सोडले तर आपल्याकडे भाडे विमान कंपन्याच ठरवतात, त्यामुळे या प्रश्नाला सरकारी उत्तर नाही. मंगळवारी रात्री तिकीट स्वस्त मिळते, ब्राउझरमधील इतिहास पुसला की भाडे उतरते, असल्या ऐकीव गोष्टी कृपया बाजूला ठेवाव्यात. आपला मार्ग कोणता होता, कोणती तारीख हलवता येत नव्हती आणि निर्णय कशाच्या आधारावर घेतला, एवढे सविस्तर लिहावे.

एडिसन, न्यू जर्सी

आमची अडचण दिवाळीची नाही, डिसेंबरची आहे. शाळा नाताळच्या तोंडावर बंद होतात आणि नववर्षानंतर लगेच उघडतात, भारतातील लग्नेही त्याच सुमारास असतात, त्यामुळे इथल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला जाण्यायेण्यासाठी तेच दोन शनिवार-रविवार हवे असतात. बहुतेक कंपन्या साधारण अकरा महिने आधी विक्री सुरू करतात. अगदी पहिल्या दिवशी भाडे सर्वांत कमी असतेच असे नाही, पण डिसेंबरसाठी उन्हाळ्याच्या सुट्टीपलीकडे थांबून फायदा झाल्याचे मी पाहिलेले नाही. अमेरिकेतील एका नियमाचा आम्ही पुरेपूर उपयोग करतो. प्रवासाला किमान सात दिवस असताना थेट कंपनीकडे आरक्षण केल्यास ते 24 तासांत शुल्काशिवाय रद्द करता येते, किंवा कंपनी तेवढा वेळ भाडे राखून ठेवते. त्यामुळे आधी तिकीट, मग साहेबांकडे रजेचा अर्ज आणि शेवटी सासरी फोन, असा आमचा क्रम ठरलेला आहे. मूल दोन वर्षांचे होणार असेल तर वाढदिवस परतीच्या प्रवासाआधी येतो का, तेही पाहून ठेवावे. दोन वर्षे पूर्ण झाली की त्याला स्वतंत्र आसन घ्यावे लागते आणि सारा हिशेबच बदलतो.

ठाणे (तिकीट आरक्षणाच्या व्यवसायात होतो, आता निवृत्त)

इकॉनॉमीतील सगळ्या आसनांचे भाडे सारखे नसते. त्यांचे अनेक स्तर केलेले असतात, प्रत्येक स्तराला एक अक्षर असते आणि खालच्या स्तरातील जागा संपल्या की वरचा उघडतो. येथे कुटुंबांचे नुकसान होते. स्वस्त स्तरात दोनच जागा उरल्या असताना आपण चौघांसाठी शोध घेतला, तर यंत्रणा सहसा चौघांनाही वरच्या स्तराचे भाडे दाखवते. म्हणून आधी एकट्यासाठी, मग दोघांसाठी आणि मग सर्वांसाठी भाडे पाहावे, आणि फरक मोठा असेल तर दोन स्वतंत्र आरक्षणे करावीत. मात्र उड्डाण रद्द झाल्यास दोन आरक्षणांतील माणसे वेगवेगळ्या विमानांत जाऊ शकतात, त्यामुळे लहान मुले आणि वृद्ध यांना मी कधीही सुटे केले नाही. तारीख जवळ आली की रिकाम्या जागा स्वस्तात काढतील, ही समजूत निदान सणाच्या आदल्या शुक्रवारी सोडून द्यावी. ऐनवेळी येणारा प्रवासी हा बहुधा जावेच लागणारा प्रवासी असतो आणि कंपन्या त्याच्यासाठीच महागड्या जागा राखून ठेवतात. तिथीप्रमाणे दिवाळी पुढेमागे होते, हेही त्यांना आपल्याइतकेच ठाऊक असते.

पुणे

वरील मुद्द्याला जोडून लिहिते. आमचे घर नागपूरला आहे आणि दिवाळीआधीच्या आठवड्यात पुण्याहून नागपूरला जाणारी गर्दी सर्वांना माहीत आहे, पण त्याच दिवसांत नागपूरहून पुण्याला येणाऱ्या विमानांकडे फारसे कोणी पाहत नाही. आईबाबांनीच इकडे यावे असे ठरल्यापासून तिकिटाची घाई उरली नाही, कारण ते गर्दीच्या उलट दिशेने येतात आणि भाऊबीजेनंतर उलट दिशेनेच परततात. अर्थात घरचे देवघर, शेजारची माणसे आणि फराळाची देवाणघेवाण सोडून यायला आई सहज तयार झाली नाही. तिला राजी करण्याला भाड्यापेक्षा जास्त वेळ लागला.

दुबई

शाळांची सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये असते आणि सगळे आखाती भारतीय तेव्हाच निघतात. सुट्टीचे वेळापत्रक जाहीर झाले की त्याच आठवड्यात आम्ही तिकीट काढतो. परतीसाठी मात्र शाळा उघडण्याच्या आदल्या शनिवार-रविवारऐवजी चार दिवस अलीकडची तारीख घेतो. फरक तिथेच पडतो.

बोरिवली, मूळ गाव सावंतवाडीजवळ

गणपतीला जाताना आमचा निर्णय रेल्वेवर अवलंबून असतो. नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडते, त्यामुळे 14 सप्टेंबरच्या चतुर्थीसाठी खरी परीक्षा जुलैच्या मध्यात आहे. सकाळी काही मिनिटांत प्रतीक्षायादी लागली की मग सगळेच गोव्यातील मोपा विमानतळाकडे वळतात आणि त्या दिवसापासून मुंबई-गोवा भाडे चढू लागते. मोपा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाल्यापासून आमच्या गावाला गोव्यातील जुन्या दाबोळी विमानतळापेक्षा तोच सोयीचा आहे. म्हणून वृद्ध वडिलांचे विमान तिकीट आम्ही रेल्वेचे आरक्षण उघडण्यापूर्वीच काढतो आणि बाकीचे गाडीच्या यादीत नशीब अजमावतात. चाकरमान्यांना एसटीचा पर्याय शेवटपर्यंत असतोच.

बेंगळुरू

लवकर काढण्याची दुसरी बाजूही नोंदवतो. विमानांचे हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, यंदा 25 तारखेला, लागू होते आणि दिवाळी त्यानंतर आहे. उन्हाळ्यात विकल्या गेलेल्या वेळा पुढे बदलू शकतात. एका वर्षी आमचे संध्याकाळचे विमान पहाटेचे झाले. कंपनीने पैसे परत देण्याची तयारी दाखवली, पण तोवर इतर विमानांचे भाडे बरेच वाढले होते. तेव्हापासून थेट विमान असेल तर मी लवकर घेतो, परंतु मुंबईत विमान बदलून पुढे जायचे असेल तर दोन सुटी तिकिटे घेत नाही, एकाच आरक्षणात घेतो, म्हणजे पहिली वेळ हलली तरी पुढच्या टप्प्याची जबाबदारी कंपनीवर राहते. नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून दोन्ही टप्पे एकाच विमानतळावरून आहेत का, हेही पैसे भरण्यापूर्वी तपासावे लागते.