सलग सात दिवसांची पर्वतीय सायकल शर्यत: पहिल्या दिवशी किती जोर लावावा?

प्रश्न

नमस्कार. आल्प्समध्ये होणाऱ्या, हौशी सायकलस्वारांसाठीच्या सात टप्प्यांच्या रोड शर्यतीत मी उतरणार आहे. दररोज साधारण शंभर किलोमीटर अंतर आणि अडीच ते तीन हजार मीटर चढाई असे तिचे स्वरूप आहे. एका दिवसाच्या लांब राइड मी व्यवस्थित पूर्ण करतो, परंतु दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच अंतर, आणि तेही वेळ मोजला जात असताना, कापण्याचा मला अनुभव नाही. तासभर टिकवता येणारी माझी पॉवर २४० वॅट असून सायकल, कपडे आणि पाण्याच्या बाटल्या धरून एकूण वजन ८० किलो भरते. पुढे ३४ दात्यांची लहान चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) आणि मागे २८ दात्यांचा सर्वांत मोठा गिअर आहे. पहिल्या दिवशी पाय ताजे असतात, तेव्हाच जमेल तेवढा वेळ पदरात पाडून घ्यावा, असे सोबतचे काही जण सांगतात. हे कितपत योग्य आहे? आणि हे गिअर पुरतील का?

प्रतिसाद १

हा सल्ला अजिबात मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अनेक दिवसांच्या शर्यतीत एखाद्या दिवशी आपण किती वेगाने जाऊ शकतो यापेक्षा तोच वेग दुसऱ्या सकाळी पुन्हा देता येईल का, हे पाहावे लागते. पहिल्या टप्प्यात जोर लावून कमावलेली दहा मिनिटे तिसऱ्या किंवा चौथ्या दिवसाच्या शेवटच्या चढावर अर्ध्या तासाच्या तोट्यात जमा होताना मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

तुमचेच आकडे घेऊन हिशेब करू. लांब चढावर २४० वॅटच्या तीन-चतुर्थांश, म्हणजे १८० वॅटवर राहिलात, तर हवेचा आणि टायरचा विरोध वजा जाता सुमारे १६० वॅट वर चढण्यासाठी उरतात आणि ८० किलो वजनाला तेवढ्यात तासाला साधारण ७३० मीटर उंची गाठता येते. आल्प्समधल्या वालुआर गावाहून गालिबिए खिंडीचा माथा (२६४२ मीटर) सुमारे १२०० मीटर उंच आहे. म्हणजे हा चढ पावणेदोन तासांच्या आसपास घेईल, आणि त्याआधी बहुधा तेलेग्राफ खिंडीचे साडेआठशे मीटर पायांत जिरलेले असतील. एवढा वेळ तासाभराच्या कमाल ताकदीजवळ राहणे शक्यच नसते. चढाच्या सुरुवातीला लोक शेजारून पुढे निघून जातात, तेव्हा मन आवरणे फार जड जाते. आल्प द्युएझचा चढ १३.८ किलोमीटरचा आणि सरासरी ८ टक्के असला, तरी त्याचे पहिले दोन किलोमीटर १० टक्क्यांच्या घरात आहेत, आणि नेमके तिथेच बहुतेकांचे गणित बिघडते.

गिअरचे उत्तरही याच हिशेबात आहे. १० टक्के चढावर १८० वॅट म्हणजे तासाला जेमतेम सव्वासात किलोमीटर. ३४-२८ वर या वेगाला कॅडेन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) ४८ च्या आसपास येते, तर मागे ३४ दाते असले तर ती ५८ होते. ४८ वर एखादा चढ रेटता येतो, परंतु सात दिवस रोज दोन-तीन मोठे चढ तसेच रेटले तर मांड्या आणि गुडघे साथ सोडतात. कॅसेट (मागच्या चाकावरचा गिअरचा संच) बदलावी. मागचा डिरेल्युअर (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारी यंत्रणा) एवढा मोठा गिअर पेलतो की नाही, तेवढे मात्र आधी तपासून घ्यावे.

आता खाण्याविषयी, कारण माझ्या मते शर्यतीचा निकाल इथेच लागतो. सरासरी १५० वॅटने सहा तास सायकल चालवली की सुमारे ३२०० किलोज्यूल काम होते आणि शरीर त्यासाठी जवळपास तेवढ्याच किलोकॅलरी खर्च करते. स्नायूंत आणि यकृतात साठवलेल्या ग्लायकोजेनमधून (कर्बोदकांच्या साठ्यातून) ढोबळमानाने दोन हजार किलोकॅलरी मिळतात. ही साठवण पूर्ण रिकामी झाली तर ती भरायला साधारण एक संपूर्ण दिवस लागतो, आणि तुमच्या हातात मात्र पुढच्या टप्प्यापर्यंत सोळा-सतरा तासच असतात. म्हणून ती रिकामी होऊच देऊ नये. सायकलवर असताना तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत. एकट्या ग्लुकोजचे शोषण तासाला ६० ग्रॅमच्या आसपास थांबते, त्यामुळे त्यापुढे जायचे असल्यास फ्रुक्टोजची जोड हवी. आतड्यांनाही याची सवय लागते, तेव्हा सरावाच्या लांब राइडमध्ये हेच प्रमाण आधीपासून पाळावे. टप्पा संपताच, अंघोळीच्याही आधी, खायला सुरुवात करावी. भूक लागण्याची वाट पाहू नये, कारण थकलेल्या शरीराला ती अनेकदा उशिरा लागते.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे. फक्त एका ठिकाणी जोर लावणे फायद्याचे ठरते. चढ संपून दरीतला सपाट रस्ता येणार असेल आणि थोडेच पुढे एक गट दिसत असेल, तर दोन मिनिटे जास्त वॅट खर्चून त्याला गाठावे. ताशी ३५ किलोमीटरला बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते आणि दुसऱ्याच्या चाकामागे राहिल्याने त्यातला मोठा हिस्सा वाचतो. वीस किलोमीटर समोरचा वारा एकट्याने झेलण्यापेक्षा ही दोन मिनिटे केव्हाही स्वस्त.

उतारावर मात्र वेळ कमावण्याच्या फंदात पडू नये. काही शर्यतींत धोकादायक उतारांवर घड्याळ थांबवलेले असते, तेव्हा नियमपुस्तिका नीट वाचावी. वेग वळणाच्या आधीच कमी करावा आणि नजर वळणाच्या बाहेर पडण्याच्या जागेवर ठेवावी. सतत हलका ब्रेक दाबून ठेवण्याऐवजी थोडा वेळ घट्ट दाबून सोडावा, म्हणजे रिम किंवा डिस्क तापत राहत नाही. दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते आणि माथ्यावर घामाने भिजलेल्या अंगाला ताशी ५० किलोमीटरचा वारा लागतो. विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे हातमोजे खिशात असावेतच. गारठलेल्या बोटांनी ब्रेक नीट दाबता येत नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. कॅसेट बदलतो. एक उपप्रश्न आहे. माझे पॉवर मीटर (वॅट मोजणारे उपकरण) ऐनवेळी बंद पडले, तर हृदयाच्या ठोक्यांवरून जोर ठरवता येईल का?

प्रतिसाद ३

पहिले एक-दोन दिवस येईल. त्यानंतर साचलेल्या थकव्यामुळे तेवढ्याच मेहनतीला ठोके कमी दिसू लागतात आणि ते नेहमीच्या आकड्यावर आणण्यासाठी आपण नकळत जास्त जोर लावतो. अशा वेळी श्वासावर विश्वास ठेवावा. चढावर एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता येत असेल, तर जोर योग्य आहे. दोन हजार मीटरच्या वर हाच निकष आणखी काटेकोरपणे पाळावा. गालिबिएच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपटीहूनही थोडा कमी असतो, त्यामुळे सखल भागात सहज वाटणारे वॅट तिथे दम काढतात.

कोणी न विचारलेली, परंतु तितकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे सॅडलमुळे त्वचेला होणाऱ्या जखमा. पाय शाबूत असूनही केवळ बसता येत नाही म्हणून शर्यत सोडावी लागणे फार वाईट. दररोज धुतलेली, पूर्ण वाळलेली शॉर्ट घालावी, टप्पा संपताच ओली शॉर्ट काढून त्वचा स्वच्छ धुऊन कोरडी करावी आणि घर्षण कमी करणारे क्रीम पहिल्या दिवसापासूनच लावावे. नवीन सॅडल किंवा नवीन शॉर्ट शर्यतीत प्रथमच वापरू नये. सॅडलची उंचीही आता बदलायची असेल, तर शर्यतीच्या काही आठवडे आधीच बदलून तिच्यावर लांब राइड करून पाहाव्यात.