अनुभव धागा: हवेत इंजिन बंद पडतं तेव्हा

धागाकर्ता

२० फेब्रुवारी २०२१ चा डेन्व्हरचा व्हिडिओ इथे बहुतेकांनी पाहिला असेल. युनायटेड ३२८, होनोलुलूला निघालेलं बोइंग ७७७-२००. खिडकीतून उजवं इंजिन दिसतंय, वरचं आवरण पार उडालेलं, मागच्या बाजूला खालून आग, आणि समोरचा पंखा लंगडत फिरतोय. असा व्हिडिओ आला की तासाभरात दोन तट पडतात. एकाच्या मते सगळे देवाच्या कृपेने वाचले, दुसऱ्याच्या मते दुसरं इंजिन होतंच, एवढं काय त्यात. दोन्ही तटांना नक्की काय बघतोय ते ठाऊक नसतं.

म्हणून हा धागा. आपापल्या कामातून जे पक्कं माहीत आहे ते लिहा: काय तुटतं, कोण कुठल्या क्रमाने काय करतं, आकडे किती. "मी एकदा अमुक विमानात होतो" साठी वेगळा धागा काढू. सुरुवात माझ्या दोन प्रश्नांनी. इंजिन बंद केलं होतं तर पंखा फिरत का होता? आणि आग विझवायच्या बाटल्या सोडूनही ती जळत का राहिली?

हँगरकडून

पंख्याला ब्रेक नसतो. इंधन तोडलं तरी समोरून दोन-अडीचशे नॉटचा (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वारा येतोय, त्यावर तो भिरभिऱ्यासारखा फिरणारच. याला विंडमिलिंग म्हणतात. लंगडत होता कारण वजन एका बाजूला कमी झालं होतं. त्या पीडब्ल्यू४००० इंजिनाच्या पंख्याचा व्यास ११२ इंच, पाती २२, एकेक साधारण १६ किलोची, टायटॅनियमची आणि आतून पोकळ. एक पातं बुडाशी तुटलं आणि त्याने शेजारचं अर्ध्यातून तोडलं. व्हिडिओ थांबवून बघा, मोजता येतात.

भेग पोकळ पात्याच्या आतल्या पृष्ठभागावर सुरू झाली होती. धातूची थकावट, म्हणजे दर उड्डाणाला केसभर वाढणारी भेग. बाहेरून रंगद्रव्य लावून अतिनील दिव्याखाली बघायची नेहमीची तपासणी अशा भेगेला उपयोगाची नाही, कारण रंग आत पोचतच नाही. त्यासाठी पात्याला ध्वनिलहरींनी कंप देऊन भेगेच्या कडा घासल्यावर निर्माण होणारी उष्णता इन्फ्रारेड कॅमेऱ्याने टिपतात. त्या वेळी ही तपासणी ६,५०० फेऱ्यांनी होत असे आणि हे पातं मागच्या तपासणीनंतर २,९७९ फेऱ्यांतच गेलं. फेरी म्हणजे एक उड्डाण आणि एक लँडिंग. तास मोजत नाहीत, कारण पात्यावर खरा ताण टेकऑफला येतो.

आता आग. बाटल्यांत हॅलॉन १३०१ वायू असतो. इंजिनाभोवतीची बंदिस्त जागा या वायूने भरली की आग विझते, अशी ती योजना. आवरणच उडून गेलं तर वायू वाऱ्यावर जातो. शिवाय त्या दिवशी आग थ्रस्ट रिव्हर्सरच्या (उतरल्यावर इंजिनाचा जोर उलटा वळवणारी यंत्रणा) भागात होती, बाटल्यांची नळी जिथे पोचते त्याच्या पलीकडे. फायर हँडल ओढल्यावर इंधन आणि हायड्रॉलिक तेल दोन्ही तुटतं, त्यामुळे नवीन खाद्य मिळत नाही. आधीच पेटलेलं कंपोझिट (राळेत बसवलेल्या तंतूंचं साहित्य) मात्र जळत राहतं.

आणखी एक. पातं बाहेर पडून केबिनमध्ये शिरलं नाही, केसिंगने, म्हणजे पंख्याभोवतीच्या मजबूत कड्याने, अडवलं. प्रमाणपत्राच्या चाचणीत पंखा कमाल वेगावर नेऊन एका पात्याच्या बुडाशी स्फोटक लावून ते मुद्दाम तोडतात आणि केसिंगने ते धरलं पाहिजे अशी अट असते. या इंजिनाच्या केसिंगभोवती केवलार या मजबूत तंतूचे थर गुंडाळलेले असतात. तोंडाकडची रिंग आणि आवरणं मात्र हादऱ्याने सुटून खाली ब्रूमफील्डच्या वस्तीत पडली. सुटलेल्या आवरणाचा धोका लहान नव्हे. १७ एप्रिल २०१८ ला साउथवेस्ट १३८० च्या इंजिनाचं पातं तुटलं, त्यात आवरणाच्या तुकड्याने खिडकी फोडली आणि एक प्रवासी दगावली.

डाव्या खुर्चीतून

कॉकपिटकडची बाजू लिहितो. सगळ्यात वाईट क्षण म्हणजे टेकऑफच्या धावेत व्ही१ या आधीच ठरवलेल्या वेगाच्या जरा पुढे. व्ही१ च्या आधी इंजिन गेलं तर थ्रस्ट लिव्हर (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा) मागे, ब्रेक, रिव्हर्स, विमान धावपट्टीवरच थांबवायचं. व्ही१ नंतर थांबायचा विचारही नाही, कारण उरलेली धावपट्टी पुरणार नाही. एका इंजिनावर उचलायचं. हे कागदावर आधीच मोजलेलं असतं: दोन इंजिनांच्या विमानाने चाकं आत घेतल्यावर, व्ही२ वेगाने (एका इंजिनावर सुरक्षित चढण्याचा वेग), एका इंजिनावर किमान २.४ टक्के चढण दिली पाहिजे. म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की २.४ मीटर वर. कमी वाटतं, पण त्या हिशोबात पुढचे डोंगर आणि मनोरे धरलेले असतात.

पहिलं काम पायाचं. उजवं इंजिन गेलं की नाक उजवीकडे ओढलं जातं, मग डावा रडर (शेपटीची उभी झडप फिरवणारं पायाचं पेडल) दाबायचा. जो पाय रिकामा पडतो त्या बाजूचं इंजिन मेलेलं. एअरबसच्या स्क्रीनवर निळी खूण येते, ती मध्यावर आणायची. मग चाकं आत. मग काहीही नाही! निदान ४०० फूट होईपर्यंत कोणी कुठल्याही स्विचला हात लावायचा नाही. आग लागल्याची घंटा वाजत असली तरी नाही. घंटा बंद करा आणि विमान उडवा. नवशिक्याला सिम्युलेटरमध्ये सगळ्यात जड जातं ते हे हातावर हात ठेवून बसणं.

त्यानंतर आगीचा क्रम, ए३२० वर: थ्रस्ट लिव्हर आयडलवर (सगळ्यात कमी जोर), इंजिन मास्टर (इंधनाचा स्विच) बंद, फायर बटण दाबायचं, दहा सेकंद थांबून पहिली बाटली. तीस सेकंदांनी इशारा तसाच असेल तर दुसरी. दहा सेकंद कशासाठी? पंख्याचा वेग उतरावा आणि आतला वारा मंदावावा, म्हणजे वायू तिथे टिकतो.

प्रत्येक पायरीला एकजण लिव्हरवर हात ठेवतो आणि "नंबर दोन?" विचारतो, दुसरा बघून "नंबर दोन, कन्फर्म" म्हणतो, मगच हात हलतो. बाहेरून पोरखेळ वाटेल. ८ जानेवारी १९८९ ला इंग्लंडमधल्या केगवर्थजवळ ७३७-४०० च्या डाव्या इंजिनाचं पातं तुटलं आणि वैमानिकांनी उजवं, चांगलं इंजिन बंद केलं. ४७ जण गेले. उजवं मागे ओढलं तेव्हा ऑटोथ्रॉटल (जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) सुटला, त्यामुळे डाव्याचं इंधनही कमी झालं आणि हादरे कमी झाले. त्यांना वाटलं आपला अंदाज बरोबर होता. कंपनाचा खरा आकडा समोरच्या एका इवल्या गोल मापकावर दिसत होता. ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईत एटीआर ७२ चं तेच झालं: एका इंजिनाचा प्रॉपेलर आपोआप फेदर झाला, म्हणजे त्याची पाती वाऱ्याला धारेने वळली, आणि हातांनी दुसरंच, चालू असलेलं इंजिन मागे ओढलं.

एका वाचकाचा प्रश्न

टेकऑफला धडामधूम आवाज आणि दर सेकंदाला मागून ज्वाळा, ही आग ना?

हँगरकडून

बहुतेक वेळा नाही. तो कॉम्प्रेसर स्टॉल किंवा सर्ज. कॉम्प्रेसरमधला (इंजिनाचा हवा दाबणारा भाग) हवेचा प्रवाह क्षणभर उलटा फिरतो आणि जळतं इंधन पुढून-मागून बाहेर फेकलं जातं. पक्षी, झिजलेली पाती, अडकलेला व्हॉल्व्ह, काहीही कारण असू शकतं. लिव्हर मागे ओढली की पुष्कळदा थांबतं. ओळखायची खूण: सर्जच्या ज्वाळा ठोक्याठोक्याने येतात, आग सलग जळते आणि धूर मागे सोडते. पांढरा धूर दिसला तर आधी तेल किंवा न जळलेलं इंधन मनात आणा.

डिस्पॅचकडून

उड्डाणाचा आराखडा आम्ही जमिनीवरून करतो. क्रूझमध्ये, म्हणजे वर सरळ उडताना, इंजिन गेलं तर घाई नसते, हिशोब असतो. ३७,००० फुटांवर एका इंजिनाचा जोर विमानाला त्या उंचीवर धरू शकत नाही. उरलेलं इंजिन मॅक्स कंटिन्युअस थ्रस्टवर (सतत चालवता येईल तेवढा कमाल जोर), ऑटोथ्रस्ट बंद, आणि वेग उतरू देत उंची शक्य तितकी हळू सोडायची. एअरबसवर तो वेग हिरव्या ठिपक्याने दाखवतात. वजनाप्रमाणे विमान २०-२५ हजारांच्या घरात येऊन स्थिरावतं. डोंगराळ मार्ग असेल तर तो आधीच तपासलेला असतो: घसरत्या मार्गाखालच्या शिखरांपासून २,००० फुटांचं अंतर राहिलंच पाहिजे, नाहीतर कुठून कुठे वळायचं ते फ्लाइट प्लॅनमध्ये लिहिलेलं हवं.

समुद्रावर सरळ खाली यायचं नाही, खाली दुसरी विमानं त्याच रेषेवर असतात. निदान ३० अंश वळून मूळ मार्गापासून पाच सागरी मैल बाजूला व्हायचं आणि मगच नीट उतरायचं. तोवर उंची जमेल तेवढी धरून ठेवायची.

ईटॉप्स, म्हणजे दोन इंजिनांच्या विमानांनी विमानतळापासून लांब उडण्याचे नियम, त्याबद्दलचा गैरसमजही काढून टाकू. १८० मिनिटं म्हणजे विमान एका इंजिनावर १८० मिनिटंच उडू शकतं असं नव्हे. विमानतळापासून, एका इंजिनाच्या वेगाने आणि वारा नसताना, जास्तीत जास्त किती लांब जायची परवानगी आहे त्याचा तो आकडा. मूळ मर्यादा ६० मिनिटांची होती, १९८५ मध्ये १२० मिळाली, ए३५० ला ३७० पर्यंत आहे.

ॲपवर डोळा ठेवणारा

विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवरून ७७०० ऐवजी ७७७० लिहिण्याचा गोंधळ दर वेळी होतो. आणीबाणीचा स्क्वॉक, म्हणजे विमान रडारला पाठवतं तो चार आकडी कोड, ७७००. ७६०० म्हणजे रेडिओ गेला, ७५०० म्हणजे अपहरण. चुकीच्या आकड्याचा स्क्रीनशॉट फिरवू नका. शिवाय ७७०० नसला तर आणीबाणी नाही असंही नाही. कंट्रोलर आधीच त्या विमानाशी बोलत असेल तर कोड बदलायला सांगतीलच असं नाही.

ॲपवरचा वेग जमिनीच्या संदर्भातला असतो. विमानाने वाऱ्याच्या बाजूला वळण घेतलं की आकडा ६० नॉटने बदलतो आणि लोक लिहितात "स्टॉल होतंय", म्हणजे वेग कमी पडून पंखांची उचल जातेय. उंचीही प्रमाणित दाबावर मोजलेली असते, त्यामुळे उतरताना ती प्रत्यक्षाहून काहीशे फूट इकडे-तिकडे दिसते. गोल फिरतंय म्हणजे घाबरलेत असंही नाही, चेकलिस्ट वाचतायत.

डाव्या खुर्चीतून

दोन्ही इंजिनं जाण्याबद्दल थोडक्यात. जेट साधारण १,००० फुटांना तीन सागरी मैल तरंगतं, हा डोक्यात ठेवायचा आकडा. २४ ऑगस्ट २००१ ला इंधन संपलेलं ए३३० असंच १९ मिनिटं तरंगत अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवर उतरलं. इंधन गळत होतं आणि क्रॉसफीड (एका बाजूचं इंधन दुसऱ्या बाजूला जाऊ देणारा व्हॉल्व्ह) उघडल्याने चांगल्या बाजूचंही गळक्या बाजूला गेलं. तेव्हापासून टाक्यांतला फरक दिसला की आधी गळती शोधायची, मगच क्रॉसफीडला हात. २४ जून १९८२ ला जावाजवळ ७४७ ची चारही इंजिनं ज्वालामुखीच्या राखेने विझली; राख आत वितळून टर्बाइनच्या पात्यांवर काचेसारखी चिकटली होती, थंड झाल्यावर तडकून निघाली आणि इंजिनं परत लागली. न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर उतरलेल्या विमानाकडे १५ जानेवारी २००९ ला एवढी उंचीच नव्हती, २,८०० फुटांवर पक्षी धडकले, साडेतीन मिनिटांत पाण्यावर. त्यात शिकण्यासारखी कृती एकच आणि तिच्याकडे दुर्लक्ष होतं: कॅप्टनने चेकलिस्ट तिथवर पोचायच्या आधीच एपीयू (शेपटीतलं वीज देणारं लहान इंजिन) चालू केला. त्यामुळे वीज टिकली आणि विमानाची स्टॉलपासूनची संरक्षणं जागी राहिली.

हँगरकडून

पातं तुटणं आणि डिस्क फुटणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो लिहायचा राहिला. केसिंग पातं धरतं. पाती जिच्यावर बसवलेली असतात ती डिस्क फुटली तर जगातलं कुठलंही केसिंग ती धरू शकत नाही. तेवढं जाड केलं तर विमान उडणार नाही. म्हणून डिस्कचं आयुष्य फेऱ्यांत ठरवलेलं असतं. आकडा भरला की ती चकचकीत दिसत असली तरी भंगारात. आणि वायरी, हायड्रॉलिक नळ्या वेगवेगळ्या वाटांनी नेतात, म्हणजे एका तुकड्याने सगळ्या तुटू नयेत. १९ जुलै १९८९ च्या डीसी-१० मध्ये मात्र शेपटीतल्या इंजिनाच्या पंख्याच्या डिस्कने तिन्ही हायड्रॉलिक एकदम नेली.

४ नोव्हेंबर २०१० ला क्वांटास ३२ या उड्डाणात इंजिन फुटलं, त्याचं कारण एका छोट्या तेलाच्या नळीत होतं. आतलं भोक मध्यापासून सरकून कोरलं गेल्याने एका बाजूची भिंत पातळ राहिली. भेग, तेलगळती, आतली आग, मग टर्बाइनची डिस्क शाफ्टपासून सुटली आणि बेफाम फिरून फुटली. तुकडे पंखातून आरपार.

केबिनकडून

त्याच उड्डाणाची पुढची गोष्ट जास्त बोलली जावी. सिंगापूरला उतरल्यावर डाव्या बाहेरच्या इंजिनाच्या वायरी तुटल्यामुळे ते बंदच होईना. अग्निशामकांनी त्यावर सुमारे तीन तास पाणी आणि फेस मारला. ब्रेक तापलेले, जवळच इंधन गळतंय. तरी घसरगुंड्या उघडल्या नाहीत. लोकांना आत बसवून ठेवलं आणि नंतर एकाच दाराने, शिडीने उतरवलं. चालू इंजिन आणि सांडलेलं इंधन असताना शेकडो लोक घसरगुंडीवरून सोडले असते तर जखमी नक्की झाले असते.

म्हणून "उतरल्यावर लगेच दारं का नाही उघडली" या प्रश्नाचं उत्तर: दार उघडण्याआधी खिडकीतून बाहेर बघावंच लागतं. त्या बाजूला आग, धूर, इंधन किंवा फिरतं इंजिन असेल तर ते दार बंदच राहतं आणि लोकांना दुसऱ्या बाजूला वळवतात. बॅग घेऊन उठलेला माणूस दोन रांगा अडवतो, त्याच्याबद्दल वेगळं लिहायलाच नको.

डिस्पॅचकडून

वर कोणीतरी "इंधन सोडून हलकं व्हायला हवं होतं" लिहून खोडलंय, तरी उत्तर देतो. ७३७ आणि ए३२० ला हवेत इंधन सोडायची सोयच नाही. ७७७ ला आहे, पण आग चालू असताना कोणी तासभर इंधन सोडत बसत नाही. जड विमानच उतरवतात. चाकांची रचना कमाल लँडिंग वजनाला मिनिटाला ६०० फूट आणि कमाल टेकऑफ वजनाला ३६० फूट या वेगाने टेकण्यासाठी केलेली असते. जड उतरलं की लॉगबुकात नोंद होते आणि पुढच्या उड्डाणाआधी चाकं, त्यांचे आधार आणि पंखाचे जोड तपासावे लागतात. विमान एक-दोन दिवस हँगरमध्ये दिसलं तर बऱ्याचदा त्यासाठीच.