मदत हवी आहे – भाचा ७ वर्षांचा, परत अंथरूण ओलं करायला लागलाय

ताई महिन्याभरापूर्वी पोराला घेऊन आमच्याकडे आली, पिंपरीला. दाजींनी पोरावर कधी हात उचलला नाही, मार सगळा ताईला, म्हणून सासरचे म्हणतात लेकराला काय झालंय, त्याला काय कळतंय. कळतंय हो सगळं. खाली बाईक थांबल्याचा आवाज आला की हा टीव्ही बंद करतो, सगळ्यांच्या चपला आत आणून नीट लावतो आणि ताईच्या मागे जाऊन उभा राहतो, आणि बाईक तर शेजारच्या काकांची असते. रात्री अंथरूण ओलं होतं, ते ४ वर्षांचा असतानाच बंद झालेलं. परवा शाळेतून फोन, वर्गातल्या मुलीला ढकललं आणि वर जे बोलला ते अक्षरशः दाजींचं वाक्य. ताई रडत बसली, मला तर काय बोलावं तेच सुचेना.

आई म्हणते दृष्ट काढ. काढली, तिच्या समाधानासाठी.

१०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, फोन करायचाय, पण ते लगेच पोरगं उचलून नेतील अशी ताईला भीती आहे, कोणी केलाय का, काय अनुभव? कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात कलम २१ खाली मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो असं वकील म्हणाले, त्यात पोराला कोर्टात उभं करतात का? आणि पिंपरी-चिंचवडमध्ये लहान मुलांचे चांगले काउन्सेलर, फी जरा परवडेल असे, माहीत असतील तर प्लीज इनबॉक्स करा.