मदत हवी आहे : चौसष्टाव्या वर्षी २०० किलोमीटरचे ध्येय कितपत वास्तव?

नमस्कार. माझे वय ६४ असून गेली दोन वर्षे मी आठवड्यातून तीनदा पुण्यात ३०-४० किलोमीटर सायकल चालवतो. कात्रजचा घाट, मध्ये एकदा थांबून का होईना, चढतो. पुढच्या हिवाळ्यात साडेतेरा तासांची मर्यादा असलेली २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) पूर्ण करण्याची इच्छा आहे आणि डॉक्टरांची हरकत नाही. मात्र रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर हे औषध सुरू असल्याने नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळे नाडीचा कमाल वेग काढण्याचे ‘२२० वजा वय’ हे (तसेही ढोबळच) सूत्र माझ्या कामाचे नाही. अशा वेळी वेग, अंतर की दमल्यावर सावरायला लागणारा काळ, यांपैकी कशावरून महिन्याचे उद्दिष्ट ठरवावे? साठीनंतर ब्रेव्हे केलेल्यांनी आठवड्याचे अंतर कसे वाढवले आणि विश्रांतीचे दिवस किती ठेवले, हे कृपया सांगावे.