रोवणीच्या आधी गावात ॲक्युप्रेशरचं शिबिर: घ्यावं की नाही?

बांधीवरचा कास्तकार, लाखांदूर

आमच्या ग्रामसभेत प्रस्ताव आला आहे. धानाची रोवणी सुरू व्हायच्या आधी बचत गटाच्या बायांसाठी ॲक्युप्रेशरचं शिबिर घ्यायचं, खर्च ग्रामपंचायतीनं करायचा. अर्धं गाव म्हणतं घ्या, अर्धं म्हणतं थोतांड आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: घ्यावं.

दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे (धानाची रोपं) रोवणाऱ्या बाईची कंबर संध्याकाळी सरळ होत नाही. ती मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणते, बरेचदा उपाशीपोटीच घेते आणि सकाळी परत बांधीत उतरते. हंगामभर हेच. या गोळ्यांनी पोटात अल्सर होतो, किडनीवर ताण येतो, हे डॉक्टरच सांगतात. मग सासूनं सुनेला, सुनेनं सासूला घरच्या घरी दाबून देता येईल असं काही शिकवलं तर बिघडलं कुठं?

ही विद्या मूळची चीनची. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘हुआंगदी नेइजिंग’ या ग्रंथात तिचा पाया सापडतो. शरीरात ‘ची’ नावाची शक्ती १२ मुख्य वाहिन्यांतून फिरते, ती अडली की दुखणं येतं, असं ते मानत. त्या वाहिन्यांवरच्या बिंदूंत सुई टोचली की ॲक्युपंक्चर, सुईऐवजी बोटानं दाबलं की ते ॲक्युप्रेशर. जागतिक आरोग्य संघटनेनं अशा ३६१ बिंदूंच्या जागा प्रमाण ठरवून दिल्या आहेत. कंबरेसाठी गुडघ्याच्या मागच्या घडीचा मध्य दाबतात. तैवानमध्ये कंबरदुखीच्या १२९ रुग्णांवर चाचणी झाली, ती २००६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आली. त्यात फिजिओथेरपीपेक्षा ॲक्युप्रेशर घेतलेल्यांना जास्त आराम पडला होता.

तुमच्या गावात असं शिबिर झालं असेल तर सांगा.

उपकेंद्राची नर्स, ब्रह्मपुरी तालुका

भाऊ, माझा विरोध आहे. तुमच्या मनात बायांची काळजी आहे हे दिसतं. पण शिबिर कंबरदुखीवर थांबत नाही. पहिल्या दिवशी कंबर, दुसऱ्या दिवशी शुगर, तिसऱ्या दिवशी “बीपीची गोळी बंद करा”. मी हे माझ्या गावांत पाहिलं आहे.

आपला भाग सिकलसेलचा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, कुठंही जा, दुखण्यानं तळमळणारी पोरं सापडतात. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, म्हणून ती कळ येते. त्या पोराला पाणी पाहिजे, वेदनाशामक पाहिजे, ताप किंवा छातीत दुखत असेल तर तातडीनं दवाखाना पाहिजे. पण घरी काय होतं? आधी तेल लावून चोळणं, मग दाबणं, मग कुणी सांगितलेला बाबा, आणि पोरगं निपचित पडलं की आमच्याकडं. दाबण्यानं पोरगं मरत नाही, त्यात गेलेल्या वेळानं मरतं.

आणि शुगरवाल्यांचे पाय! जुन्या शुगरमध्ये तळपायाची जाणीव जाते. त्यावर लाकडी जिमी (बिंदू दाबायची छोटी दांडी) जोरात फिरवली तर जखम झालेली कळतसुद्धा नाही. चिघळल्यावर कळते, तोवर बोट काढायची वेळ आलेली असते.

दर्यापूरचे काकाजी

बाई, तुमी म्हणता ते एका अंगानं बरोबर हाय. पण मले मानेचा तरास होता. कापसाचे गाठोडे उचलून उचलून मान धरली होती. गोळ्या खाऊन कंटाळलो. एका जाणत्या माणसानं खांद्यावर अन् अंगठ्याजवळ दाबून देल्लं, मले उतार पडला. जे अंगावर भोगलं ते मी कसं खोटं म्हणू? आन हे चीनचं काहून सांगून राहिले सगळे? आपल्या सुश्रुतानं कवाच मर्मं सांगून ठेवली होती. विद्या आपली, नाव त्याइचं.

निवृत्त मास्तर, वर्धा

काकाजी, तुम्हाला उतार पडला यात शंका नाही. पण सुश्रुताची १०७ मर्मं ही वेगळी गोष्ट. तिथं इजा झाली तर माणूस दगावू शकतो किंवा जन्माचा अधू होऊ शकतो, म्हणून शस्त्र चालवताना ती जपायची, असं सुश्रुत सांगतो. बोटानं दाबून रोग बरा करायचा हा त्या यादीचा हेतू नव्हता. आपलं मोठेपण सिद्ध करायला सुश्रुताच्या तोंडी नसलेलं घालायची गरज नाही.

दुसरं, शिबिरांत तळपायाचा रंगीत नकाशा टांगतात. इथं किडनी, तिथं लिव्हर. तो नकाशा चीनचाही नाही. अमेरिकेत विल्यम फिट्झगेराल्ड या डॉक्टरनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शरीराचे दहा उभे पट्टे कल्पिले. पुढं १९३० च्या दशकात युनिस इंगहॅम या बाईंनी त्यावरून तळपायाचे नकाशे काढले. म्हणजे एकाच तंबूत दोन वेगळ्या कल्पना एकाच नावानं विकल्या जातात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं सगळं पाच हजार वर्षं जुनं.

आपल्या विदर्भाचा चीनशी खरा धागा वेगळाच आहे. १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टर चीनच्या मदतीला गेले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सगळ्यांना ठाऊक आहेत, पण त्यांच्यासोबत नागपूरचे डॉ. चोळकर होते, हे आपल्याच पोरांना माहीत नसतं. त्याच पथकातले डॉ. बिजॉय कुमार बसू पुढं पन्नाशीच्या दशकात परत चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि ते भारतात घेऊन आले.

भूलशास्त्र शिकणारी, नागपूर

इथं दोन्ही बाजूंना थोडं थोडं पटेल असं सांगते. मनगटाच्या घडीपासून स्वतःची तीन बोटं वर, दोन शिरांसारख्या लागतात त्या स्नायुबंधांच्या मधोमध एक बिंदू आहे. ऑपरेशननंतरच्या मळमळ-ओकारीवर त्याचा अभ्यास भरपूर झाला आहे. कॉक्रेन ही संस्था अनेक चाचण्या एकत्र तपासते; तिच्या २०१५ च्या आढाव्यात ५९ चाचण्या आणि ७,६६७ जण होते. कुठं सुई, कुठं वीज, कुठं पट्ट्याचा दाब. खोटा उपचार दिलेल्यांपेक्षा खऱ्यांना मळमळ कमी झाली, आणि ओकारीच्या औषधांशी तुलना केली तर विशेष फरक दिसला नाही. चिखलदऱ्याच्या घाटात एसटीत पोट ढवळलं तर दाबून पाहायला हरकत नाही.

दुखण्याचं म्हणाल तर १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी मांडलं की दाबाचा, स्पर्शाचा संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशाला अडवू शकतो. ठेच लागली की आपण आपोआप तिथं चोळतो ते यामुळंच. यासाठी ‘ची’ मानायची गरज पडत नाही. ती वाहिनी आजवर कुठल्या तपासणीत दिसलेली नाही. पण शुगर, थायरॉइड, किडनीचा आजार दाबण्यानं बरा होतो याला पुरावा नाही. तिथं मी ताईंच्या बाजूनं.

ॲक्युप्रेशर करणारा, यवतमाळ

सगळ्यांना एकाच काठीनं हाणू नका. मी गरोदर बाईला अंगठा आणि तर्जनीच्या मधला बिंदू कधीच दाबत नाही, घोट्याच्या वरचाही नाही. सुजलेला पाय, फुगलेल्या शिरा, हाड मोडलेलं, ताप, यांना मी हात लावत नाही, सरळ दवाखान्यात पाठवतो. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये ॲक्युपंक्चरसाठी कायदा केला. जपानमध्ये शियात्सू (तिथली बोटानं दाबायची पद्धत) करायला सरकारी परवाना लागतो. आम्हालाही नियम हवेत, म्हणजे भोंदू बाजूला पडतील.

उपकेंद्राची नर्स, ब्रह्मपुरी तालुका

दादा, तुम्ही जपून करता हे चांगलं आहे. पण तो कायदा सुईवाल्यांचा. जिमी आणि चटया विकणाऱ्याला कोण विचारतं? आणि तैवानच्या चाचणीबद्दल एक बोलते. तिथं कोणाला दाबून दिलं आणि कोणाला फिजिओथेरपी, हे रुग्णांना कळतच होतं. आपुलकीनं कोणी पाठीला हात लावला की माणसाला बरं वाटतंच. तो आराम मी नाकारत नाही, पण त्याला विद्या म्हणून पंचायतीचा पैसा द्यायला मी तयार नाही.

बांधीवरचा कास्तकार, लाखांदूर

ताई, गोळीनं पोट जाळून घेणाऱ्या बाईला आपुलकीच्या हातानं आराम पडत असेल तर मला तेवढं पुरे आहे. तुमचा धोका मात्र मान्य, म्हणून ग्रामसभेत या अटी मांडतो: शिबिरात काही विकायचं नाही. शुगर-बीपीचं नाव काढायचं नाही. तळपायाचा नकाशा टांगायचा नाही. गुडघ्यामागचा बिंदू शिकवताना पाय सुजलेला, गरम किंवा लाल नाही हे आधी पाहायला शिकवायचं. आणि त्याच दिवशी आशाताईनं सिकलसेलची तपासणी लावायची. तुम्ही स्वतः आलात तर आणखी बरं.

उपकेंद्राची नर्स, ब्रह्मपुरी तालुका

तपासणीला मी येते. शिबिराला माझा विरोध तसाच आहे, तो ग्रामसभेत बोलून दाखवीन. पंचायतीकडं बायांच्या कंबरेसाठी पैसा असेल तर रोवणीचं यंत्र भाड्यानं आणा ना. वाकणंच कमी होईल.

बचत गटाची सचिव, पवनी तालुका

ताई, यंत्र आलं तर कंबर वाचेल, पण मजुरी कोणाची जाईल? रोवणीच्या पैशावर आमच्या घरात पोरांची पुस्तकं येतात. आमच्याबद्दल इतकं बोलणं चाललं आहे, तर आम्हाला एकदा विचारा. आम्हाला दुपारी बांधावर अर्धा तास टेकायला मिळावं आणि प्यायचं पाणी जवळ असावं, हे आधी पाहिजे. शिबिर घ्यायचं तर रोवणीच्या आठवडाभर आधी घ्या, नंतर आम्ही रिकाम्या नसतो.